सिम्युलेशनमधून निघालेली ऑप्शनची किंमत जुळत नाही? मॉडेल बदलण्याआधी हे तपासा

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी संख्याशास्त्र आणि पायथनचे वर्ग घेतो. येणाऱ्यांत कोणी बीएस्सीचे असतात, कोणी शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशोब बघणारे, कोणी निफ्टीचे ऑप्शन (ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) करणारे. संध्याकाळी फोन येतो तो बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतो: "सर, आकडा जुळूनच नाही राह्यला." आकडा म्हणजे सिम्युलेशनमधून, रँडम धक्के देऊन भावाच्या हजारो वाटा (पाथ) चालवून, निघालेली ऑप्शनची किंमत. फोन करण्याआधी बहुतेकांनी मॉडेलही बदलून पाहिलेलं असतं. ब्लॅक-शोल्स (व्होलॅटिलिटी, म्हणजे भावाची चढउतार, स्थिर धरणारं मॉडेल) सोडून गार्च घेतलं (चढउतार रोज बदलू देणारं), गार्च सोडून हेस्टन घेतलं (चढउतारालाही स्वतःचे रँडम धक्के देणारं), आणि आकडा तरी चुकीचाच.

बिघाड मॉडेलमध्ये फार क्वचित असतो. तो एककांत, ड्रिफ्टमध्ये (भावाची धरलेली सरासरी वाढ) किंवा भावाच्या फाइलमध्ये असतो, आणि मॉडेल जितकं मोठं तितका तो खोल दडतो. म्हणून खालचा क्रम फुकट आणि दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो. हेस्टन शेवटी आहे, त्याला तिथेच राहू द्या.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- प्रत्येक वेळी चालवलं की किंमत वेगळी येते.
- किंमत पंधरा-सोळा पट कमी येते, किंवा थेट वायद्याच्या भावाएवढीच येते.
- स्ट्राइक (ऑप्शनमधला ठरलेला भाव) आणि वायद्याचा भाव एकच असूनही कॉल (घेण्याचा हक्क) आणि पुट (विकण्याचा हक्क) यांच्या किमतीत मोठा फरक पडतो.
- पुट जवळजवळ शून्य निघते.
- भावाच्या फाइलवरून काढलेली व्होलॅटिलिटी शंभर-दोनशे टक्क्यांच्या वर जाते.
- हेस्टनमध्ये मधल्याच एखाद्या दिवसानंतर आकड्यांऐवजी 'नॅन' (हा आकडाच नाही, अशी खूण) छापून येतं.
- सगळं बरोबर वाटतं, पण बाजारातला प्रीमियम (ऑप्शनची तिथली किंमत) वेगळाच असतो.

पहिली तपासणी: ३१४ येतात का?

स्वतःचा डेटा बाजूला ठेवा. वायद्याचा भाव ८,००० रुपये क्विंटल, स्ट्राइक ८,०००, मुदत तीन महिने म्हणजे ०.२५ वर्ष, व्होलॅटिलिटी वार्षिक २० टक्के आणि व्याजदर ६.५ टक्के धरा. वायद्यावरच्या युरोपियन (फक्त शेवटच्या दिवशी वापरता येणाऱ्या) ऑप्शनसाठी फिशर ब्लॅक यांनी १९७६ मध्ये दिलेल्या सूत्राने कॉल आणि पुट दोन्ही ३१३.८८ रुपयांना येतात. आजच्या कापसाच्या भावाशी या आकड्याचा संबंध नाही, तो फक्त तपासणीसाठी आहे.

सूत्र हाताशी नसेल तरी कागदावर अंदाज निघतो. ०.४ गुणिले ८,००० गुणिले ०.२० गुणिले मुदतीचं वर्गमूळ ०.५, म्हणजे ३२०. व्याजामुळे त्याला साधारण ०.९८४ ने गुणायचं, की ३१५. स्ट्राइक आणि वायद्याचा भाव सारखा असताना हा अंदाज फार जवळ बसतो.

जिनिंगवर कापूस मोजण्याआधी काट्यावर माहीत असलेलं वजन ठेवून बघतात, तसं हे ३१४ तुमच्या कोडवर ठेवून बघायचं. गार्च असो की हेस्टन, व्होलॅटिलिटी २० टक्क्यांवर स्थिर केली की त्यांनीही ३१४ च्या आसपासच यायला हवं. तुमचं आलं नाही तर पुढे वाचा. आलं तर भावाच्या फाइलच्या भागावर जा, कोडमध्ये शोधत बसू नका.

एककं

चुकलेला आकडाच इथे कारण सांगतो.

३१४ ऐवजी २० रुपये आले तर दिवसाची व्होलॅटिलिटी वर्षाच्या जागी गेली आहे. वर्षाला २० टक्के म्हणजे व्यवहाराच्या एका दिवसाला १.२६ टक्के, कारण २५२ चं वर्गमूळ १५.८७ आहे आणि भागायचं त्याने असतं, २५२ ने नाही. इंडिया व्हिक्सचा (निफ्टीच्या अपेक्षित चढउताराच्या निर्देशांकाचा) आकडाही वार्षिक टक्क्यांत असतो. व्हिक्स १४ असेल तर कोडमध्ये ०.१४ जायला हवं.

पुट ७,८७१ आणि कॉल शून्य आला तर ०.२० ऐवजी २० टाकलं आहे. सूत्र या चुकीवर कॉलचीही किंमत ७,८७१ च दाखवतं, सिम्युलेशन मात्र शून्य. इतक्या व्होलॅटिलिटीत जवळजवळ प्रत्येक पाथ शून्याजवळ कोसळतो आणि सरासरी ज्या मोजक्या पाथमुळे टिकते ते तुमच्या एक लाखात येतच नाहीत. सूत्र आणि सिम्युलेशन इतके फाटले की आधी टक्के बघा.

किंमत वीसेक टक्के फुगलेली असेल तर तारखा बघा. ९० कॅलेंडर दिवसांना २५२ ने भागलं की मुदत ०.२५ च्या जवळ न राहता ०.३५७ होते. कॅलेंडरचे दिवस ३६५ ने भागा, व्यवहाराचे दिवस २५२ ने. दोन्हींची सरमिसळ करू नका.

सरासरी आणि पॅरिटी

माझ्याकडे येणारे सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सगळ्या पाथचा शेवटचा भाव घ्या आणि त्यांची सरासरी काढा. एवढी एक ओळ कोडमध्ये कायमची ठेवा. वायद्यासाठी ती सरासरी ८,००० यायला हवी. मग कॉलमधून पुट वजा करा. स्ट्राइक आणि वायदा सारखा असल्यामुळे उत्तर शून्याच्या आसपास हवं, कारण कॉल वजा पुट म्हणजे वायदा वजा स्ट्राइक, व्याजाने आजवर आणलेलं. या नात्यात (यालाच पॅरिटी म्हणतात) व्होलॅटिलिटी येतच नाही. त्यामुळे ते मोडलं तर व्होलॅटिलिटीच्या मॉडेलला दोष देता येत नाही, आणि मॉडेल बदलून ते दुरुस्तही होत नाही.

फरक ३९-४० रुपये आणि सरासरी ८,०४० आली तर लॉगनॉर्मल पाथमध्ये व्होलॅटिलिटीच्या वर्गाचा अर्धा भाग वजा करायचा राहिला आहे. घातांकी फलन वर जाणारे धक्के खाली जाणाऱ्यांपेक्षा जास्त ताणतं, म्हणून ही वजाबाकी लागते. ती राहिली की कॉल वीसेक रुपयांनी महाग आणि पुट तेवढीच स्वस्त होते. फक्त कॉलच काढणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला वाटतं बाजारच स्वस्त आहे.

फरक १२९ च्या आसपास आणि सरासरी ८,१३१ आली तर वायद्यावर व्याजाचा ड्रिफ्ट लावला आहे. वायद्याला ड्रिफ्ट शून्य. हजर भावावर किंवा निफ्टीच्या निर्देशांकावर चालवत असाल तर व्याज लागतं, आणि निर्देशांकातून लाभांशाचा दर वजा होतो.

फरक याहून मोठा असेल तर ड्रिफ्टमध्ये कोणाचा तरी अंदाज शिरला आहे. आपल्याकडे हे फार होतं. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजारात भाव १०,००० च्या वर गेला. त्या वर्षाचा डेटा घेतला की सरासरी वाढ प्रचंड दिसते आणि ती लोक ड्रिफ्ट म्हणून टाकतात. "भाव वाढतेच ना सर दिवाळीनंतर!" असेल, वाढत असेल. पण ऑप्शन विकणारा वायदा घेऊन स्वतःला झाकून घेऊ शकतो, म्हणून त्या वाढीचा मोबदला प्रीमियममध्ये येत नाही. तुमचा अंदाज कापूस केव्हा विकायचा हे ठरवायला वापरा. ऑप्शनच्या किमतीत त्याला जागा नाही.

रँडम आकडे आणि पाथची संख्या

पुट रुपयाभराची निघाली तर एक्सेलच्या रँड फंक्शनचे ० ते १ मधले आकडे थेट वापरले आहेत. ते आधी नॉर्मलच्या उलट फलनातून काढावे लागतात, नाहीतर प्रत्येक धक्का वरच्याच दिशेचा होतो. एक्सेलमध्ये कुठलाही रकाना बदलला की रँड पुन्हा नवे आकडे देतं, त्यामुळे किंमत हलताना दिसते. तो बिघाड नाही. आकडे एकदा व्हॅल्यू म्हणून चिकटवा आणि मग तपासा.

पायथनमध्ये किंमत हलत असेल तर किती हलते ते बघा. आपल्या ३१४ च्या पुटला १,००० पाथवर स्टँडर्ड एरर (रँडम आकड्यांमुळे येणारी साधारण चूक) सुमारे १४ रुपये आहे, १०,००० वर सुमारे ४ आणि १ लाखावर सुमारे १.४. दोन स्टँडर्ड एररच्या आतला फरक हा फरकच नाही. चूक निम्मी करायला पाथ चौपट लागतात, म्हणून पाथ वाढवण्याआधी अँटिथेटिक करून बघा: प्रत्येक धक्क्यासोबत त्याचाच उलट धक्का घ्यायचा. एका ओळीचं काम आहे. डेल्टा (भाव रुपयाने हलला तर ऑप्शनची किंमत किती हलते) काढताना भाव थोडा हलवून दोनदा किंमत काढता, तेव्हा दोन्ही वेळा सीड (रँडम आकड्यांची मालिका ज्यापासून सुरू होते तो आकडा) एकच ठेवा, नाहीतर डेल्टा म्हणून निव्वळ गोंधळ हाती येतो.

आता खास आपल्या भागातली अडचण. लाइट जाते, जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते आणि मोठी रन अर्ध्यात मरते. त्यासाठी दहा-दहा हजारांच्या तुकड्यांत चालवा आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज व वर्गांची बेरीज फाइलमध्ये लिहीत जा. पण लाइट आल्यावर पुन्हा सुरू करताना सीड बदलायला विसरू नका. सीड तोच राहिला तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजला जातो. स्टँडर्ड एरर छान कमी होत जातो, किंमत मात्र जागची हलत नाही. हे लक्षण दिसलं की बाकी काही न बघता सीड बघा.

भावाची फाइल

इथवर ३१४ येत असतील तर कोड चांगला आहे. आता डेटा.

पहिलं काम आलेख काढणं. सूत्र नाही, सांख्यिकी चाचणी नाही, नुसता रोजच्या परताव्याचा आलेख. बाजार समितीच्या दरांची फाइल हाताने भरलेली असते आणि ७,२०० चे ७२० झालेले सापडतात. ३ एप्रिल ७,१८०, ४ एप्रिल ७२०, ५ एप्रिल ७,२१०: अशा तीन ओळींतून खाली एक आणि वर एक असे दोन राक्षसी परतावे तयार होतात. वर्षभराच्या २५० परताव्यांत ते दोनच असले तरी २० टक्क्यांची व्होलॅटिलिटी सव्वातीनशे टक्क्यांच्या वर जाते. आलेखावर ते लगेच दिसतं, फाइलमध्ये डोळ्यांनी शोधताना सुटतं.

दुसरं, बंद दिवस. दिवाळीत बाजार समिती आठ-दहा दिवस बंद राहिली तर त्यानंतरचा पहिला परतावा एका दिवसाचा नसतो. तो एक तर वगळा, नाहीतर मधल्या दिवसांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागून घ्या.

तिसरं, वायद्यांची जोडणी. एक महिना संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन वेगळ्या करारांचे भाव शेजारी येतात आणि खोटी उडी तयार होते. त्या दिवशीचा परतावा एकाच कराराच्या आत काढायचा.

चौथं, आणि इकडच्या डेटात हे सगळ्यात फसवं: हमीभावाची खरेदी चालू असतानाचे भाव. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) केंद्रं जोरात असली की बाजारातला भाव हमीभावाच्या आसपास चिकटून राहतो. त्या महिन्यांवरून काढलेली व्होलॅटिलिटी फार कमी निघते, आणि त्यावरून काढलेली पुट स्वस्त दिसते. ती शांतता कापसाच्या बाजाराची नाही, सरकारी खरेदीची आहे. कोणते महिने घेतले ते अहवालात लिहा.

याच संदर्भात एक प्रश्न नेहमी येतो. हमीभाव म्हणजे शेतकऱ्याला प्रीमियम न देता मिळालेली पुटच, मग तिची किंमत किती? प्रश्न फार चांगला आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, तोच स्ट्राइक. पण मुलं ती युरोपियन धरतात, म्हणजे वापर फक्त शेवटच्या दिवशी, आणि किंमत कमी येते. शेतकरी तर हंगामात केंद्र चालू असेल त्या कोणत्याही दिवशी माल नेऊ शकतो. उलट काही जण प्रत्येक पाथवरचा सगळ्यात कमी भाव शोधून त्या दिवशी पुट वापरली असं धरतात, मग किंमत जास्त येते, कारण पुढचा भाव आधीच कळल्यासारखा निर्णय होतो. मधला मार्ग लाँगस्टाफ आणि श्वार्ट्झ यांनी २००१ मध्ये दिलेल्या रिग्रेशनच्या पद्धतीचा: पुट आज वापरायची की थांबायचं हे त्या दिवसापर्यंतच्या माहितीवरूनच ठरतं. आलेली किंमत युरोपियनपेक्षा कमी असेल तर कोडमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नका. आणि ८ टक्के ओलाव्याच्या वर कपात आहे, १२ टक्क्यांच्या वर माल घेतला जात नाही, हे कोणत्याही मॉडेलमध्ये आपोआप येत नाही.

गार्च

एकच बिघाड वारंवार येतो. पायथनमधून गार्च बसवताना परतावे शंभराने गुणून देतात, कारण तसं केल्याने आकडेमोड स्थिर राहते. मग निघालेला ओमेगा (गार्चच्या सूत्रातला स्थिर आकडा) टक्क्यांच्या वर्गात असतो, समजा ०.०३. तोच आकडा दशांशातल्या सिम्युलेशनमध्ये टाकला की रोजची व्होलॅटिलिटी १२२ टक्के होते. ओमेगाला १०,००० ने भागा. अल्फा (कालच्या धक्क्याचं वजन) ०.०८ आणि बीटा (कालपर्यंतच्या चढउताराचं वजन) ०.९० असेल तर दीर्घकालीन विचरण (व्होलॅटिलिटीचा वर्ग) म्हणजे ०.०३ चा दहा हजारावा भाग, ०.०००००३, भागिले ०.०२ (१ वजा अल्फा वजा बीटा). त्यातून रोजचे १.२२ टक्के आणि वर्षाचे सुमारे १९ टक्के निघतात. ही आकडेमोड हाताने करून ठेवा. अल्फा आणि बीटाची बेरीज १ किंवा जास्त आली तर बहुधा फाइलमधली एखादी उडी अजून शिल्लक आहे. मागच्या भागावर परत जा.

हेस्टन

हेस्टन यांच्या १९९३ च्या मॉडेलमध्ये थीटा हे दीर्घकालीन विचरण आहे, व्होलॅटिलिटी नाही. २० टक्क्यांसाठी ०.०४ टाकायचे. ०.२० टाकले तर मॉडेल ४४.७ टक्क्यांकडे ओढलं जातं. 'नॅन' येण्याचं कारण असं: वेळेचे छोटे तुकडे करून चालवताना विचरण मध्येच ऋण होतं आणि त्याचं वर्गमूळ निघत नाही. दोन गुणिले कप्पा (थीटाकडे परतण्याचा वेग) गुणिले थीटा हे विचरणाच्या व्होलॅटिलिटीच्या वर्गापेक्षा कमी असेल तर हे हमखास होतं. कप्पा २, थीटा ०.०४ आणि विचरणाची व्होलॅटिलिटी ०.५ असेल तर एकीकडे ०.१६, दुसरीकडे ०.२५, म्हणजे अट मोडली. यावर ऋण आकड्याचं चिन्ह बदलून काम भागवू नका, त्याने किंमत वर सरकते. ड्रिफ्ट आणि वर्गमूळ दोन्हींत ऋणाच्या जागी शून्य वापरा, आणि साठवलेलं विचरण तसंच ऋण राहू द्या. मग विचरणाची व्होलॅटिलिटी शून्याजवळ आणून सुरुवातीचं विचरण आणि थीटा दोन्ही ०.०४ ठेवा, आणि पुन्हा ३१४ येतात का बघा.

कुठे थांबायचं

३१४ येतात, पॅरिटी जुळते, स्टँडर्ड एरर लहान आहे, फाइल स्वच्छ आहे, आणि तरी बाजारातला प्रीमियम वेगळा आहे: इथे थांबा. हा बिघाड नाही. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या कोसळण्यानंतर निर्देशांकाच्या खालच्या स्ट्राइकच्या पुट महाग राहत आल्या आहेत आणि एकच व्होलॅटिलिटी सगळ्या स्ट्राइकना बसत नाही. दूरच्या महिन्यात तर शेवटचा व्यवहार सकाळचा असू शकतो. सोयाबीनची तुलना करायला बाजारच नसतो, कारण सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे ती मुदत वाढवत नेली. तिथे किंमत जुळवायचा प्रयत्न करू नका.

हेस्टनचे पाच आकडे बाजारभावांवर बसवताना रोज वेगळे निघत असतील तर ते जाणकाराचं काम आहे. अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात विचारा. घरी बसून महिना घालवू नका.

आणि या आकड्यावर खरे पैसे लागणार असतील, विशेषतः उत्पादक कंपनीचे, म्हणजे शेकडो घरांचा चुकारा, तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशिवाय पुढे जाऊ नका, आणि ऑप्शन विकण्याचा विचार तर मुळीच नको. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. किंमत अचूक काढता येणं आणि त्या व्यवहारात टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणाचीही मदत घ्याल तेव्हा कोडचा फोटो पाठवण्याआधी एवढं लिहून पाठवा: ३१४ च्या जागी काय आलं, शेवटच्या भावांची सरासरी, कॉल वजा पुट, पाथची संख्या आणि स्टँडर्ड एरर, आणि व्होलॅटिलिटी कोणत्या तारखांच्या भावावरून काढली. बहुतेक वेळा ही माहिती लिहितानाच बिघाड सापडतो. नाही सापडला तर समोरच्याला तो शोधायला फार वेळ लागत नाही.